सांगावा आणि ठोका

नागपूरच्या संवादतंत्र प्रयोगशाळेतल्या भिंतीवर खाणपुऱ्याचा नकाशा हिरवागार दिसत होता. वस्तीतल्या एकेका माणसासाठी एकेक दिवा, आणि त्यातला एकही पिवळा नाही, तांबडा तर नाहीच. हिरवा रंग डोळ्यांना थंडावा देतो म्हणतात. रेवती उरकुडेला मात्र तो बघून घाम फुटला होता.

हिरवा दिवा म्हणजे त्या माणसाला उमजलं. खाणपुऱ्यातल्या प्रत्येकाला परवाच उमजलं होतं, की आपल्या घरांखालची बंद पडलेली कोळसाखाण पाण्याने भरत चालली आहे, छत तोलून धरणारे कोळशाचे खांब भिजून ठिसूळ झाले आहेत आणि वस्ती कोणत्याही दिवशी खाली बसेल. पलीकडच्या माळावर नवी घरं तयार होती. वस्तीच्या तोंडाशी बस उभ्या होत्या. तरी परवापासून एकही कुटुंब हललं नव्हतं, आणि त्या न हललेल्यांत रेवतीचे बाबाही होते.

"मला एकदा साध्या शब्दांत सांगा," आसुटकर म्हणाले. ते भूगर्भतज्ज्ञ, खाणपुऱ्याखाली पाणी किती चढलं ते मोजणारी यंत्रं त्यांची. "तुम्ही भाषण लिहिता आणि तुमचं यंत्र ते लोकांच्या कानात वाचून दाखवतं. बरोबर?"

"भाषण आम्ही लिहीतच नाही," डॉ. मनोहर टेंभेकर म्हणाले. ते प्रयोगशाळेचे संचालक. आवडता विषय निघाला की त्यांचा चष्मा कपाळावर चढायचा, तसा तो चढला. "भाषण लिहिलं की ते एकाला कळतं आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून जातं. आम्ही नुसता आशय लिहितो. काय घडतंय, कशामुळे घडतंय, त्यातून काय होणार. 'सांगावा' ही त्यासाठी आम्ही घडवलेली संगणकभाषा. हा आशय संकलकात घातला, की तो प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळं बोलणं तयार करतो. शब्द वेगळे, दाखले वेगळे, चित्रं वेगळी. श्रोत्याच्या कानात कानिका असते, डोळ्यांपुढे तिचाच छोटा पडदा. ती त्याची बुबुळं बघते, श्वास ऐकते, मधूनच प्रश्न विचारते आणि किती उमजलं ते मोजते. नाही उमजलं की दाखला बदलून पुन्हा."

"आणि तरीही नाही उमजलं तर?"

"पुन्हा. सगळ्या भाषेचा गाभा एका ओळीत आहे: जोवर उमजत नाही, तोवर सांग. 'गाढवापुढे वाचली गीता' ही म्हण आम्हाला इतिहासजमा करायची आहे."

आणि ते काम त्यांनी बरंच पुढे नेलंही होतं. गेल्या वर्षापासून तीन जिल्ह्यांत शासनाची प्रत्येक सूचना सांगाव्यातून जात होती आणि त्या तीन जिल्ह्यांत वर्षभरात एकही मोर्चा निघाला नव्हता. खात्याने खूश होऊन दिलेली पितळी ढाल बैठकीच्या खोलीत टांगलेली होती. पुढच्या महिन्यापासून सगळ्या राज्यात सांगावा सुरू होणार होता. प्रयोगशाळेचा स्वतःचा कारभारही त्यातूनच चाले. आपण रांधलेलं आधी आपण खायचं, हा टेंभेकरांचा दंडक. बैठकीत सगळे एका टेबलाभोवती बसत आणि जो तो आपापल्या कानिकेत आपापलं ऐकत असे. प्रयोगशाळा सुरू झाल्यापासून तिथे भांडण म्हणून झालं नव्हतं.

"मग माणसं हलत का नाहीत?" आसुटकरांनी विचारलं.

"उमजणं वेगळं आणि वागणं वेगळं." टेंभेकर खिडकीबाहेर बघत बोलले. रेवतीचे बाबा खाणपुऱ्यात राहतात हे त्यांना ठाऊक होतं. "खात्याचं म्हणणं असं, की समजावणं आपलं काम होतं आणि ते झालं. जबरदस्ती करायची तर वरून हुकूम हवा, आणि सगळे दिवे हिरवे असताना तसा हुकूम कोणी काढणार नाही."

"पाणी ज्या वेगाने चढतंय तो बघता मी आठवड्याचीसुद्धा हमी देणार नाही," आसुटकर म्हणाले.

खाणपुऱ्यासाठी सांगाव्यातला आशय रेवतीने स्वतः लिहिला होता. तो बिनचूक आहे याची तिने चारदा खात्री करून घेतली होती. तिने खुर्चीवरची पिशवी उचलली आणि ती बस स्टँडकडे निघाली.

खाणपुरा म्हणजे जुन्या खाणकामगारांची वस्ती. रेवतीचे वडील दौलतराव खाणीत सरदार होते. सरदार म्हणजे घोड्यावर बसणारा नव्हे; पाळीतल्या माणसांचा जीव ज्याच्या शिरावर असतो तो. रेवती पोचली तेव्हा ते बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. दाराआड एक वळकटी आणि दोरीने आवळलेली पेटी उभी होती.

"बाबा, खाली काय चाललंय ते तुम्हाला कळलंय ना?"

"कळलं नं. डब्ब्यानं बेस सांगतलं. टेकू कुजला का छत बसते. जनम गेला माह्या त्याच्यात."

"मग निघत का नाही?"

"निंगू नं. लोकं निंगाले का निंगू. हे काय, पेटी बांधून ठेवली."

"लोकांनाही कळलंय, बाबा. सगळ्यांचे दिवे हिरवे आहेत."

दौलतरावांनी हातातली शेंग खाली ठेवली. "कायचं कळलं, बाप्पा. काल कुंपनावरून मी झाडेबाईले टेकूचं सांगून पाह्यलं. तं थे मले पापडाचं सांगते. ताटात पानी अन् पानी गुळात. म्या म्हटलं, बिचारीच्या डोक्यात काईच शिरलं नाई. एकली बाई हाय. तिले तशीच टाकून मी आपला निंगून जाऊ?"

रेवती शेजारी गेली, तर कुंदाबाई झाडे आपल्या दारातच उभ्या होत्या. रेवतीला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आली का माय? तुह्या बाबाले समजाव. म्या त्याईले इतकं सोपं करून सांगतलं. आपली जमीन म्हंजे पापड, थो ठेवला गुळाच्या खड्यावर, अन् ताटात पानी सोडलं. गूळ विरघळला का पापड बसला का नाई? तं थे लाकडायचंच धरून बसले. लोकायले समजन तवा समजन, पन आपला शेजारी असा अडानी राह्यला तं त्याले सोडून जाववते का?"

रेवती घरोघर फिरली. चौकातला पानठेलेवाला निखाडे म्हणाला, की ठेल्याच्या पायांना वाळवी लागल्यासारखी ही गत आहे, त्याला ती स्वच्छ दिसते आहे, पण लोकांना सांगायला जावं तर लोक भलतंच काही बोलतात. मास्तरीणबाईंना भूमिती कळली होती, धोबिणीला भिजलेल्या कापडाचं ओझं कळलं होतं. प्रत्येकाला अगदी पुरेपूर कळलं होतं आणि प्रत्येकाची खात्री होती की आपल्या शेजाऱ्याला ओ की ठो कळलेलं नाही. सांगाव्याने एकच गोष्ट सगळ्यांना सांगितली होती, पण एकाच शब्दात कोणालाच सांगितली नव्हती. बोलायला जावं तितकी माणसं एकमेकांना खुळी वाटत होती.

चौकातल्या कडुनिंबाच्या पारावर बसून रेवती आधी हसली. मग तिला रडू आलं. पापड तिचा होता, वाळवी तिची होती, सगळं तिनेच लिहिलेल्या आशयातून निघालं होतं.

तिने शहनाज काझीला फोन लावला. शहनाज प्रयोगशाळेत चाचण्या बघायची. दोघी वसतिगृहापासूनच्या मैत्रिणी.

"शहनाज, चूक सापडली. प्रत्येकाला ठाऊक आहे. पण बाकीच्यांना ठाऊक आहे, हे कोणालाच ठाऊक नाही."

पलीकडे शहनाज काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, "मग तेही सांगू या. नवी आज्ञा घालते. शेजाऱ्याचा दिवा हिरवा आहे, हे प्रत्येकाला समजावून सांग. जोवर उमजत नाही तोवर."

संध्याकाळी ती आज्ञा सगळ्या कानिकांमध्ये पोचली. दौलतराव बाजेवर पडून ऐकू लागले आणि आपल्या शंका मोठ्याने विचारू लागले.

"झाडेबाईले समजलं म्हन्तोस? बरं. पन मले समजलं, हे तिले मालूम हाय का?... आता सांगतलं? बरं झालं. पन तिले सांगतलं हे तू मले सांगतलं, हे तिले मालूम हाय का? नाई तं थे बसन माह्यासाठी थांबून, अन् मी बसन तिच्यासाठी." कानिका सांगत राहिली. ते ऐकत राहिले, आणखी विचारत राहिले, आणि शेवटी तोंड वासून झोपी गेले. कानिका बोलतच होती, कारण उमजलं तर नव्हतं.

नागपूरच्या भिंतीवर पहिल्यांदाच पिवळे दिवे लागले.

"हे असंच होणार होतं," शहनाज फोनवर म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "मी तुला चिठ्ठी पाठवली. ती पोचली हे मला कळायला तुझं उत्तर यायला हवं. ते मला पोचलं हे तुला कळायला माझं पुन्हा उत्तर. शेवटची चिठ्ठी कोणती? शेवटची नसतेच. एकेकाच्या कानात सांगून हे कधीच पुरं होत नाही, रेवती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे उंदीर तयार असले तरी उपयोग नाही. बाकीचे तयार आहेत, हे दिसायला हवं."

"दिसायला हवं," रेवती म्हणाली. "सगळ्यांनी एकदम ऐकायला हवं, आणि सगळे ऐकताहेत हे ऐकतानाच कळायला हवं."

फोन ठेवल्यावर तिला खाणीतला रिवाज आठवला. खाणीचं छत ढासळण्याआधी कडकडतं. खाणकामगार म्हणतात, छत बोललं. ज्याला ते पहिल्यांदा ऐकू येईल त्याने टांगलेल्या रुळावर एक ठोका मारायचा आणि सगळ्या पाळीने हातातलं टाकून एकदम बाहेर पडायचं. ठोका न मारता एकटाच वर आलेल्या माणसाबरोबर पुढे कोणी चहासुद्धा पीत नसे. आपला जीव वाचवला हा त्याचा गुन्हा नव्हता. बाकीच्यांना न कळवता वाचवला, हा होता. खाण बंद झाली तेव्हा तो रूळ वस्तीने चौकातल्या कडुनिंबाला आणून टांगला. त्यानंतर त्यावर ठोका पडला नव्हता. वस्तीतली वांड पोरंसुद्धा त्याला हात लावत नसत.

सकाळी आसुटकरांचा फोन आला. रात्रीत जमीन बोटभर खचली होती.

"बाबा, ठोका मारा," रेवती म्हणाली.

दौलतरावांचा चेहरा उतरला. "छत बोललं का तुले?"

"आसुटकरांचं यंत्र बोललं."

"यंत्र बोललं म्हनून ठोका नाई मारत, पोरी. अन् खोटा ठोका म्हंजे काय, तुले मालूम नाई. मी मारला अन् कोनी बाहेर नाई आलं, तं मंग खरोखरचं छत बोलन तवा कोन येईन? सरदाराचा ठोका एकदा वाया गेला का गेला. डब्बा कायबी म्हनो, कोनाले काई समजलेलंच नाई, थे कायले येतीन?"

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं आणि रेवतीला ते लख्ख दिसत होतं. तिचा तर्क चुकला असेल, तर वस्तीचं शेवटचं हत्यारही तिच्या हातून बोथट होणार होतं. आणि ती चुकली, तर तिचे बाबा खाणपुऱ्यातून निघणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. तिने पाट्याजवळचा वरवंटा उचलला. तिला भीती वाटत होती आणि ती लपवायचा प्रयत्न तिने केला नाही.

"मी मारते. चुकलं तर पोरीचं चुकलं म्हणा."

चौकात ऊन पसरलं होतं. निखाडे ठेल्यावर पानं पुसत होता. त्याने तिच्या हातातला वरवंटा पाहिला आणि फडकं खाली ठेवलं. रेवतीने दोन्ही हातांनी रुळावर एकच ठोका मारला.

आवाज तिच्या आठवणीतल्यापेक्षा मोठा होता. तो भिंतींवर आपटत गल्ल्यांमधून गेला आणि विरला. मग काहीच झालं नाही. निखाडे जागचा हलला नाही. कुठेतरी एक कुत्रं भुंकून गप्प झालं. आता मी जन्मभरासाठी या वस्तीचं नुकसान केलं, असं रेवतीच्या मनात आलं.

पहिलं दार कुंदाबाईंचं उघडलं. त्यांच्या काखेत गाठोडं होतं आणि डोक्यावर पापडांचा डबा. त्यामागून मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. मग गल्लीतली दारं भराभर उघडू लागली. पेट्या, वळकट्या, बाळाच्या पाळण्यात रचलेली भांडी, पोत्यात घातलेला देव्हारा. कोणीही घाईने बांधाबांध केलेली नव्हती. सगळ्या गाठी नीट मारलेल्या होत्या. गाठोडी सांगावा ऐकला त्या दिवसापासूनच बांधून दाराआड ठेवलेली होती. निखाडेने ठेल्याखाली हात घालून आपली ट्रंक ओढून काढली.

माणसं चौकात आली आणि एकमेकांच्या हातांकडे बघत उभी राहिली. खांबांचं, पापडांचं, वाळवीचं कोणी काही बोललं नाही.

दौलतराव पेटी घेऊन सगळ्यात शेवटी आले. सरदाराने शेवटीच निघायचं असतं. कुंदाबाईंच्या गाठोड्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "तुमाले समजलं होतं," ते म्हणाले.

"तुमालेबी," कुंदाबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत खाणपुरा रिकामा झाला. दोन दिवसांनी चौक आणि त्याभोवतीच्या गल्ल्या खाली बसल्या. कडुनिंब उभाच्या उभा खाली गेला आणि रूळही त्याच्याबरोबर गेला. माणूस एकही गेला नाही.

ठोक्याची हकीकत प्रयोगशाळेतही पोचली होती. पुढच्या सोमवारी तिथल्या बैठकीत रेवतीने सगळ्यांना कानिका काढून टेबलावर ठेवायला सांगितलं. तसं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. माणसं थोडी बावरली, आंघोळीला निघालेल्यासारखी अवघडून बसली. टेंभेकरांनी सगळ्यांत शेवटी आपली काढली.

रेवती उभी राहिली. ज्या माणसाने आयुष्य या भाषेत ओतलं त्याच्यासमोर तिला हे बोलायचं होतं.

"सांगाव्यात मुळातच एक दोष आहे," ती म्हणाली. "तो प्रत्येकाला समजावतो, पण बाकीच्यांनाही समजलंय हे कळायची वाट बंद करून टाकतो. माणसं एकटी पडतात. हा दोष नवी आज्ञा घालून जाणार नाही. पुढच्या महिन्यात हे सगळ्या राज्यात जाऊ नये, असं मला वाटतं."

शहनाजने टेबलावरची आपली कानिका दूर सारली.

"मला हे पहिल्या चाचणीपासून ठाऊक आहे," शहनाज म्हणाली. ती टेबलाकडे बघत होती. "अहवालही दिला होता मी. सांगाव्यातूनच दिला. तू त्या दिवशी फोन केलास तेव्हा वाटलं सांगून टाकावं. पण म्हटलं, इतक्या लोकांनी माझा अहवाल ऐकला आणि कोणालाच काही वाटलं नाही, तर माझंच चुकत असणार."

"मला तुझा अहवाल आला होता," पलीकडचा संकलकवाला म्हणाला. "बरोबर उमजला होता. मलाही तेच वाटत होतं. पण बाकी सगळे खूश दिसत होते."

मग एकेकजण बोलू लागला. कोणाला हा दोष गणितातून दिसला होता, कोणाला आपल्या घरातल्या अबोल्यातून. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला तो दिसला होता, आणि प्रत्येकाने तो अगदी उत्तम रीतीने, ऐकणाऱ्याला पुरेपूर उमजेल असा, सगळ्यांना कळवला होता. त्यांचे दिवे कधीचेच हिरवे होते.

सगळ्यांच्या माना टेंभेकरांकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता आणि त्यांचे डोळे उघडे, म्हातारे दिसत होते. "तुमचे सगळे अहवाल मला उमजले होते. मला वर्षभर झोप नाही. पण तुम्ही प्रत्येक बैठकीत इतक्या समाधानाने बसायचात. वाटलं, शंका मलाच येते, वय झालं."

कोणी हसलं नाही. शहनाज भिंतीवरच्या ढालीकडे बघत होती. बघता बघता तिचा चेहरा पालटला.

"सर," ती म्हणाली, "त्या तीन जिल्ह्यांत वर्षभर एकही मोर्चा निघाला नाही."

तिने पुढे काही म्हटलं नाही आणि म्हणायची गरजही नव्हती. रेवतीच्या डोळ्यांपुढे तीन जिल्ह्यांतली दारं आली. प्रत्येक दाराआड कोणती तक्रार बांधून ठेवलेली आहे, हे त्या घराखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. खात्याला ते ठाऊक असेल का, हाही प्रश्न तिच्या मनात आला.

टेंभेकर उठले. त्यांनी खिळ्यावरून ढाल काढली, पदराने पुसावी तशी शर्टाच्या बाहीने पुसली आणि हातावर तोलून पाहिली. मग बोटाच्या पेराने तिच्यावर हलकेच टिचकी मारून त्यांनी कान जवळ नेला.

"पितळेची आहे," ते रेवतीला म्हणाले. "लांबपर्यंत जाईल ना आवाज?"